अख्खं दालन बशीत कसं मावतं? म्युझियमवरून बनवलेल्या पोर्सिलेनच्या भांड्यांबद्दल सोप्या भाषेत

मोठ्या म्युझियमच्या दुकानात हल्ली एक कोपरा नक्की असतो. पांढऱ्याशुभ्र प्लेटा, कप, बशा मांडलेल्या असतात आणि शेजारी छोटं कार्ड, की हे डिझाइन आमच्या अमुक दालनावरून घेतलंय. ते दालन तुम्ही दहाच मिनिटांपूर्वी मान वर करून बघून आलेले असता, छत डोळ्यांत असतं, भिंतीवरचं सोनं डोळ्यांत असतं, आणि हातात असते एक बशी जिच्या कडेला दोन बोटांएवढी नक्षीची पट्टी आहे. मग साहजिकच वाटतं की यात दालन कुठंय? नाव लावून महाग विकायचा प्रकार आहे का हा?

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग या विषयाचा नाद लागला, वाचत गेले, जिथे जमेल तिथे प्लेटा उलट्या करून बघत गेले, आणि आता माझं स्पष्ट मत आहे की चांगल्या प्लेटमध्ये ते दालन खरंच असतं. ते चिकटवलेलं नसतं एवढंच, कोणीतरी ते प्लेटसाठी पहिल्यापासून नव्याने काढलेलं असतं. आणि वाईट प्लेटमध्ये नुसता फोटो असतो. हा फरक कळायला थोडं मागे जावं लागेल, पार मातीपर्यंत.

आधी पोर्सिलेन म्हणजे काय ते बघू

आपण मराठीत सगळ्यालाच चिनीमाती म्हणून मोकळे होतो, बरणीही चिनीमातीची, बेसिनही चिनीमातीचं आणि आरपार उजेड दिसेल असा पातळ कपही चिनीमातीचाच. पोर्सिलेन हा त्यातला एक खास प्रकार आहे. त्यात मुख्य तीन गोष्टी असतात. केओलिन नावाची पांढरी माती (चीनमधल्या जिंगदेझेन शहराजवळच्या गाओलिंग टेकडीवरून हे नाव आलंय), फेल्डस्पार नावाचा खनिज दगड, आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी.

भट्टीत काय होतं ते असं समजा. केओलिन आकार धरून ठेवतं. फेल्डस्पार वितळून साखरेच्या पाकासारखं सगळीकडे पसरतं आणि प्रत्येक फट बुजवतं. क्वार्ट्झचे कण मध्ये खडीसारखे बसतात. तापमान जातं १३०० ते १४०० डिग्री सेल्सियसपर्यंत, आणि थंड झाल्यावर जे हातात येतं ते अर्धवट माती आणि अर्धवट काच असं काहीतरी असतं, म्हणून त्यातून उजेड पाझरतो, टिचकी मारली की घंटीसारखा आवाज येतो, आणि ग्लेझ नसलं तरी पाणी शोषलं जात नाही. ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, हा शब्द पुढे बऱ्याचदा येईल.

चीनमध्ये हे शेकडो वर्षं चालू होतं आणि युरोपला मात्र कृती सापडतच नव्हती. जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने ब्योटगर नावाच्या एका तरुण किमयागाराला अक्षरशः कैदेत ठेवलं होतं, सोनं बनवून देतो म्हणाला होता म्हणून. सोनं काही झालं नाही, पण चिर्नहाउस नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर काम करता करता १७०८ च्या सुमारास पोर्सिलेनची कृती जमली आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. बोन चायना हा नंतरचा इंग्लिश प्रकार, १८०० च्या आसपास स्टोकमध्ये स्पोड घराण्याने बसवलेला, त्यात जवळपास निम्मी हाडांची राख असते.

खोली आणि भांडी, हे नातं नवं नाही

लोकांना वाटतं की म्युझियमच्या खोलीवरून भांडी बनवणं ही आजकालची मार्केटिंगची आयडिया आहे. मला तर हा इतिहास वाचूनच या विषयाचं वेड लागलं, कारण गोष्ट सुरू होते उलट्या टोकाने, आधी भांड्यांवरून खोल्या बनल्या.

बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात १७०६ च्या सुमारास एक अख्खी खोली निळ्यापांढऱ्या पोर्सिलेनने भरली गेली, भिंतींवर खालपासून वरपर्यंत भांडी आणि मध्ये मध्ये आरसे, म्हणजे ती भांडी दुप्पट-तिप्पट दिसावीत. त्या काळी भांडं हेच भिंतीचं डेकोरेशन होतं. वर ज्या ऑगस्टसचं नाव आलं त्याने तर १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला आपले ६०० सैनिक दिले आणि बदल्यात पोर्सिलेनचे १५१ नग घेतले. माणसं देऊन भांडी घेतली, हे वाचून अंगावर काटा येतो, पण पोर्सिलेनची किंमत त्यांच्या लेखी काय होती ते यावरून कळतं.

या ऑगस्टसची नात मारिया अमालिया नेपल्सची राणी झाली. तिच्यासाठी १७५७ ते १७५९ मध्ये पोर्टिचीच्या राजवाड्यात एक छोटी खोली केली गेली जिच्या भिंतीच पोर्सिलेनच्या आहेत. भिंतीवर पोर्सिलेन ठेवलंय असं नाही हं, भिंतच पोर्सिलेनच्या सुमारे ३००० तुकड्यांची, वेली, पक्षी, माणसं, सगळं उठावदार. ती खोली आता नेपल्सच्या कापोदिमोन्ते म्युझियममध्ये आहे. म्हणजे आज एखाद्या डिझायनरने त्या खोलीतली वेल उचलून कपावर काढली, तर ती वेल पोर्सिलेनवरून पोर्सिलेनवरच परत आली, घरीच आली म्हणायची.

त्याच नेपल्समध्ये पुढची पायरी घडली. हर्क्युलेनियम हे ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, तिथे १७३८ मध्ये पद्धतशीर खोदकाम सुरू झालं आणि सापडलेली चित्रं, पुतळे, वस्तू पोर्टिचीच्या राजवाड्यात म्युझियम करून ठेवल्या गेल्या. मग १७८१-८२ मध्ये नेपल्सच्या शाही कारखान्याने जेवणाचा एक पूर्ण संच बनवला, त्यावर याच सापडलेल्या चित्रांवरून आणि वस्तूंवरून काढलेली चित्रं होती, आणि तो स्पेनच्या राजाला, म्हणजे नेपल्सच्या राजाच्या वडिलांना भेट गेला. ज्यांनी ते खोदकाम सुरू करवलं होतं त्यांच्याच टेबलावर ते शहर प्लेटांमधून पोचलं. म्युझियमवरून बनवलेली भांडी म्हणजे अजून काय असतं? आजच्या गिफ्ट शॉपच्या दोनशे वर्षं आधीची गोष्ट आहे ही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तर वेगळंच केलं, म्युझियमच्या आत जेवायची सोय करणारं हे जगातलं पहिलं म्युझियम. १८६० च्या दशकात तिथे तीन खोल्यांचं काम सुरू झालं, एक डिझायनर विल्यम मॉरिसच्या कंपनीने सजवलेली हिरवी, एक चित्रकार पॉइंटरने आखलेली निळ्यापांढऱ्या टाइल्सची, आणि मधली मोठी गॅम्बल रूम, जिचे खांब आणि भिंती सिरॅमिकने मढवलेल्या आहेत. सिरॅमिक का, तर दिसायला सुंदर आहेच पण शिवाय पुसायला सोपं आणि आग लागली तरी जळत नाही. आजही तिथे बसून कॉफी पिता येते. तिथल्या भिंतीवरून कप बनवणं म्हणजे एका ग्लेझवरून दुसऱ्या ग्लेझवर जाणं आहे, रंगांची भाषा दोन्हीकडे एकच.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे पीकॉक रूम, मोरांची खोली. लंडनमधले एक जहाजमालक, फ्रेडरिक लेलँड, त्यांच्याकडे चिनी निळ्यापांढऱ्या पोर्सिलेनचा मोठा संग्रह होता आणि तो मांडायला जेवणाची खोली बनवून घेतली. १८७६-७७ मध्ये चित्रकार व्हिसलरने मालकाला फारसं न विचारता ती खोली अख्खी गडद निळ्याहिरव्या रंगात आणि सोनेरी मोरांनी रंगवून टाकली, भिंतीवरचं महागडं जुनं चामडं पण सोडलं नाही, दोघांचं कायमचं बिनसलं. पुढे १९०४ मध्ये अमेरिकन संग्राहक चार्ल्स फ्रीअर यांनी ती खोली विकत घेतली, भिंतींसकट सुटी करून समुद्रापार नेली, आणि १९२३ पासून ती वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. आता विचार करा, ही खोली पोर्सिलेनसाठी जन्मली, आणि मग तिच्यावरून पोर्सिलेन बनवायचं म्हटलं तर कोण कोणावरून प्रेरणा घेतंय? पण हे चक्र असं फिरतंच राहिलंय.

मग खोली प्लेटवर उतरते कशी

इथे खरी मेहनत आहे आणि याच ठिकाणी बहुतेक भांडी फसतात, म्हणून जरा निवांत सांगते.

खोलीत तुम्ही आत उभे असता आणि ती तुमच्या भोवती असते. प्लेट तुमच्या समोर, खाली, हातभर अंतरावर असते आणि तिच्या मधोमध जेवण येणार असतं. म्हणजे बघण्याची दिशा उलटी, आकार उलटा, आणि मुख्य जागा झाकली जाणारी. फोटो काढून मधोमध छापला तर जेवण वाढल्यावर दालन गायब, आणि जेवण संपल्यावर रश्श्याचे डाग पडलेलं दालन दिसणार. म्हणून जाणता डिझायनर नक्षी बहुतेक करून कडेला ठेवतो आणि मधला भाग रिकामा सोडतो, किंवा मध्ये एखादंच छोटं फूल, छताच्या मधोमध झुंबराच्या हुकाभोवती असतं तसं.

दालनात असं काय असतं जे गोल प्लेटवर जाऊ शकतं? घुमट सगळ्यात सोपा, कारण तोही गोल, त्यालाही मध्य आहे आणि मध्याभोवती कडी आहेत, खालून वर बघितलेला घुमट आणि वरून खाली बघितलेली प्लेट हे जवळजवळ एकच चित्र आहे. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये (१८९१ ला उघडलं) घुमटाच्या बरोब्बर खाली कॅफे आहे, तिथे बसलं की वरचा घुमट आणि समोरची बशी एकाच वेळी दिसते आणि वेगळं समजावून सांगायची गरजच उरत नाही.

अवघड जाते ती पट्टी. भिंतीच्या वरच्या भागात, छताला लागून नक्षीची जी आडवी पट्टी असते ती सरळ असते. एक प्रयोग करा, कागदाची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी कापा आणि प्लेटच्या कडेवर आडवी बसवायचा प्रयत्न करा. बसणारच नाही, आतल्या बाजूला चुण्या पडतील. २७ सेंटिमीटरच्या प्लेटचा बाहेरचा घेर साधारण ८५ सेंटिमीटर भरतो, आणि तीन सेंटिमीटर आत आलात की तोच घेर ६६ होतो. म्हणजे जवळजवळ १९ सेंटिमीटर नक्षी कुठेतरी जिरवावी लागते. ती जिरवायची म्हणजे प्रत्येक पान आतल्या बाजूला निमुळतं करून परत काढायचं, प्रत्येक वळण परत बसवायचं. कपाची गत अजून वेगळी, कप वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर त्याची बाजू उलगडल्यावर सरळ पट्टी मिळत नाही, पंख्यासारखा कमानदार तुकडा मिळतो, म्हणून सरळ छापलेली नक्षी कपावर लावली की ती एका बाजूला चढत गेल्यासारखी दिसते.

शिवाय भिंतीला कोपरे असतात, नक्षीची मोजणी चुकली तर ती कोपऱ्यात खपवता येते. प्लेटला कोपराच नाही. नक्षी फिरून स्वतःलाच येऊन मिळते, त्यामुळे फुलं पूर्ण आकड्यातच बसली पाहिजेत, मोठ्या प्लेटवर १६ बसली तर छोट्या बशीवर ९, पण साडेनऊ कधीच नाही. जिथे हा हिशोब केलेला नसतो तिथे कडेला कुठेतरी एक फूल दबलेलं किंवा ताणलेलं सापडतं, दुकानात मी पहिल्यांदा तेच शोधते.

मग येतो मापाचा प्रश्न. चार मीटरचा भिंतीचा तुकडा चार सेंटिमीटरमध्ये आणायचा म्हणजे शंभरपट लहान. भिंतीवरची एक सेंटिमीटर जाड रेघ प्लेटवर मिलिमीटरचा दहावा हिस्सा होते, म्हणजे दिसेनाशीच. म्हणून नकाशा काढणारा जसा शहराची प्रत्येक गल्ली दाखवत नाही, मुख्य रस्ते तेवढे ठेवतो आणि ते उलट जास्त जाड काढतो, तसंच इथे करावं लागतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यातच डिझायनरची नजर कळते.

उठाव असेल तर अजून एक खोच आहे. पोर्सिलेन भट्टीत आकसतं, साधारण १२ ते १५ टक्के, म्हणून साचा आधीच तेवढा मोठा करावा लागतो, आणि वर ग्लेझचा थर बसला की बारीक खाचा भरून जातात, जाड रंगाचा हात मारल्यावर लाकडावरचं कोरीवकाम बोथट होतं तसं. प्लास्टरच्या भिंतीवरची धारदार पानं कपावर तेवढ्याच धारेने हवी असतील तर साच्यात ती जास्त खोल आणि जास्त टोकदार कोरावी लागतात.

रंग का जुळत नाहीत

"दालन तर लालभडक होतं, प्लेट फिकट का?" हा प्रश्न फार येतो. कारण भट्टी. १४०० डिग्रीला टिकणारे रंग थोडेच आहेत, कोबाल्टचा निळा हा त्यातला राजा, म्हणूनच जगभर निळीपांढरी भांडी एवढी दिसतात. क्रोमियमचा हिरवा पण बऱ्यापैकी टिकतो. लाल, गुलाबी, सोनेरी हे ग्लेझ पक्कं झाल्यावर वरून लावायचे आणि परत कमी आचेवर, साधारण ७५० ते ८५० डिग्रीला भाजायचे. गुलाबी रंग तर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून करतात, हे मला कळलं तेव्हा खूप गंमत वाटली, सोनं रंगात मिसळून गुलाबी होतं.

आज बरंचसं काम डिकॅलने होतं. डिकॅल म्हणजे खास कागदावर सिरॅमिक रंगांनी छापलेली नक्षी. पाण्यात भिजवली की कागदावरून सुटते, मग ती हाताने प्लेटवर सरकवायची आणि रबराने खालची हवा आणि पाणी काढून टाकायचं, मोबाइलला स्क्रीन गार्ड लावताना बुडबुडे काढतो तसं. भाजताना वरचा पातळ थर जळून जातो आणि रंग ग्लेझला धरतो. "म्हणजे स्टिकरच ना" असं कोणी म्हणेल, पण स्टिकर नखाने निघतो आणि हा निघत नाही, कारण भाजल्यावर तो काचेचाच भाग होऊन बसतो.

रंग हुबेहूब आला तरी तो बरोबर असेलच असंही नाही. अख्खी भिंत लाल असते तेव्हा डोळा त्या लालला सरावतो, तोच लाल पांढऱ्याशुभ्र पोर्सिलेनशेजारी दोन सेंटिमीटरच्या पट्टीत आला की ओरडायला लागतो. मला तरी थोडा उतरवलेला रंगच जास्त प्रामाणिक वाटतो, दालनात उभं राहिल्यावर जसं वाटलं तसं वाटायला लावणारा.

"पण शेवटी ही नक्कलच ना?"

नक्कल हा शब्द आपण जरा घाईने वापरतो. एक साखळी सांगते. रोममध्ये नीरो बादशहाचा सुवर्णप्रासाद जमिनीखाली गाडला गेला होता, पंधराव्या शतकाच्या शेवटी लोक भोकांतून आत उतरले तेव्हा भिंतींवर नाजूक वेली, अर्धे प्राणी-अर्धी माणसं अशी नक्षी दिसली. त्या खोल्या गुहेसारख्या वाटल्या म्हणून त्या नक्षीला ग्रोटेस्क असं नाव पडलं, गुहेतली नक्षी. राफाएल आणि त्याच्या चित्रशाळेने १५१७ ते १५१९ मध्ये व्हॅटिकनच्या एका लांब सज्जात तीच शैली वापरली. तो सज्जा रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनला इतका आवडला की १७८० च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये क्वारेंगी या वास्तुकाराकडून तिने त्याची अख्खी प्रतिकृती बांधून घेतली, भिंतींवरची चित्रं रोममध्ये नकलून तिकडे नेली. आज ती नक्कल हर्मिटाज म्युझियमचं एक मोठं आकर्षण आहे, लोक ती बघायला लांबून येतात.

तर नीरोची वेल राफाएलकडे, राफाएलकडून कॅथरीनकडे, आणि तिथून कोणाच्या तरी कपावर. यातली कुठली पायरी अस्सल आणि कुठली नक्कल? माझ्या मते दर पायरीला एकच प्रश्न विचारायचा, की नव्या जागेसाठी ती नव्याने आखली गेली का. राफाएलने आखली. चांगला कप बनवणाराही आखतो.

उलट, फार हुबेहूब केलं तर काय होतं याचंही उदाहरण आहे. सेव्र हा फ्रान्सचा शाही कारखाना, तिथे १८१० ते १८१२ मध्ये नेपोलियनने घटस्फोटानंतर जोसेफिनसाठी इजिप्शियन संच बनवून घेतला. चित्रं लूव्रचे तेव्हाचे प्रमुख देनों यांच्या इजिप्तमधल्या रेखाटनांवरून, आणि टेबलाच्या मधोमध ठेवायला पोर्सिलेनची देवळं, खांब, ओबेलिस्क म्हणजे टोकदार उंच स्तंभ यांची कित्येक मीटर लांब रांग. कामगिरी अफाटच, पण जोसेफिनने तो फार गंभीर वाटतो म्हणून परत केला. पुढे १८१८ मध्ये तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनला भेट गेला आणि आज लंडनच्या अ‍ॅप्सली हाउसमध्ये म्युझियमची वस्तू म्हणून आहे. बघायला तो थक्क करतो, पण त्या देवळांच्या रांगेसमोर बसून निवांत गप्पा मारत जेवता येईल का, हा जोसेफिनला पडलेला प्रश्न मला तरी अगदी रास्त वाटतो.

"इतक्या जुन्या नक्षीला परवानगी कशाला लागते?"

नक्षीवर कॉपीराइट बहुतेक वेळा उरलेलाच नसतो. युरोपात कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी तो संपतो, आणि व्हिसलर तर १९०३ ला गेला. मग अडतं कुठे? आधी फोटोचा मुद्दा. सपाट जुन्या चित्राचा तंतोतंत फोटो काढला तर त्या फोटोवर नवा हक्क मिळतो का यावर बरेच वाद झाले. अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल निकालात कोर्टाने नाही म्हटलं, युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्यात तसंच सांगितलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तर २०१७ मध्ये ३,७५,००० फोटो सगळ्यांना कशालाही वापरायला खुले करून टाकले. मोठ्या त्रिमितीय दालनाचा फोटो ही वेगळी गोष्ट, तिथे फोटोग्राफरची निवड, प्रकाश, कोन हे सगळं येतं.

पण म्युझियमचं नाव आणि चिन्ह हे ट्रेडमार्क असतं, ते परवानगीशिवाय लावता येत नाही. शिवाय परवानगी घेणाऱ्याला नुसतं नाव मिळत नाही, चांगल्या करारात जुनी रेखाटनं, रंगांचे नमुने, जवळून बघायची मुभा आणि तिथल्या अभ्यासकांची नजरही मिळते, आणि विक्रीतला हिस्सा म्युझियमला जातो. यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. ज्या छतावरून कोणी कमाई करतंय त्या छताच्या देखभालीला त्यातलं काही गेलं तर बरंच आहे.

"यात शिसं असतं म्हणतात, जेवायचं की नुसतं बघायचं?"

भीती पूर्ण खोटी नाही. ग्लेझवर लावल्या जाणाऱ्या काही चमकदार लाल, पिवळ्या, केशरी रंगांत शिसं किंवा कॅडमियम वापरलं जायचं, आणि नीट भाजलं नसेल तर आंबट पदार्थात ते उतरू शकतं. म्हणून चाचणी असते. युरोपियन नियमात ४ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण, भांड्यात २४ तास ठेवतात आणि किती शिसं उतरलं ते मोजतात, खोलगट भांड्यासाठी मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम, सपाट प्लेटसाठी चौरस डेसिमीटरला ०.८ मिलिग्रॅम. पांढऱ्या पोर्सिलेनच्या पक्क्या ग्लेझमध्ये आणि ग्लेझखालच्या कोबाल्टमध्ये ही काळजी फारशी नसते. जे भांडं शोभेसाठीच आहे असं पाठीवर लिहिलेलं असतं त्यात मात्र खाऊ नका, आणि अगदी जुनं, कुठलं ते माहीत नसलेलं भांडं असेल तर तेही कपाटातच बरं.

सोनं असलेलं काहीही मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, सोनं कितीही पातळ असलं तरी धातूच, ठिणग्या उडतात. डिशवॉशरमध्ये ग्लेझवरची नक्षी हळूहळू झिजते. माझ्याकडच्या एका कपाची सोनेरी कड दोन वर्षं मशीनमध्ये धुऊन अशी पुसट झाली की आता ती कुठे होती ते फक्त मलाच माहितीये, आणि तो कप मला फार प्रिय होता म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवते. निळी नक्षी ग्लेझखाली असेल तर ती बिनधास्त धुवा, तिच्यावर काचेचं कवच आहे.

"एवढी किंमत कशाची, आणि घेताना बघायचं काय?"

किंमत भट्टीच्या फेऱ्यांची असते. पहिल्यांदा कच्चं भाजणं, मग ग्लेझ लावून मोठ्या आचेवर, मग रंग, मग सोनं, आणि दर फेरीला काही नग वाकतात, तडकतात, एखाद्याला काळा ठिपका पडतो आणि तो बाद होतो. सोन्यातही प्रकार आहेत, एक भट्टीतून बाहेर येतानाच चकचकीत असतं, त्यात सोनं कमी आणि थर फार पातळ, दुसरं मंद बाहेर येतं आणि अकीकाच्या दगडाने किंवा बारीक वाळूने घासून उजळावं लागतं, त्यात सोनं जास्त आणि हाताचं कामही जास्त. २४ कॅरट लिहिलं असेल तर ते शुद्धतेबद्दल आहे, थर किती जाड आहे ते त्यातून कळत नाही.

बघताना प्लेट तिरकी धरून उजेडात फिरवा, वरच्या रंगाची चमक आणि ग्लेझची चमक वेगळी दिसली किंवा बोटाला किंचित उंचवटा लागला तर नक्षी ग्लेझवर आहे. कडेने बोट फिरवत एक पूर्ण चक्कर मारा, कुठे फूल चिरडलंय का. कार्डावर नेमकं दालन, नेमकी पट्टी, नेमका काळ लिहिलाय की नुसतं राजेशाही वैभव वगैरे लिहून मोकळे झालेत, ते वाचा. ज्याने खरंच अभ्यास केलाय तो सांगतोच, त्याला राहवत नाही.

आणि प्लेट उलटी करा. खाली जे गोल कडं असतं, ज्यावर ती उभी राहते, तिथे बहुतेक वेळा ग्लेझ नसतं, कारण ते असतं तर प्लेट भट्टीतच खालच्या फळीला चिकटली असती. किंचित खरखरीत लागतं ते. याच कारणाने प्लेटा एकावर एक ठेवताना मध्ये कागद घालायचा, नाहीतर वरच्या प्लेटचं हे कडं खालच्या प्लेटची नक्षी खरवडतं. अख्ख्या प्लेटमध्ये तेवढी एकच जागा असते जिथे ग्लेझ नाही, रंग नाही, दालन नाही, आणि बोटाला थेट पोर्सिलेन लागतं.